वॉकओव्हर नाय

त्या हंगामात आमच्या कॉलेजच्या मुलींचा कबड्डीचा संघ पाच सामने खेळला आणि त्यातले चार हरला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ढाल मिळाली का, याची वाट बघत कुणी वाचत बसायला नको. ढाल मिळाली नाही. ढालीच्या जवळपासही गेलो नाही. तरी मला विचाराल तर मुरबाड-शहापूरच्या रस्त्यावर त्या वर्षी त्या पोरींइतकं ताठ कुणी चाललं नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मी त्या कॉलेजात शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला मी नोटिशीच्या वहीवर शिकले. वही वर्गावर्गात फिरवायची, तर आपण काय घेऊन चाललोय ते आपल्याला कळायला नको? जिन्यात थांबून एकेक अक्षर लावायचे. पोरं म्हणायची, मावशी जिन्यात दम खातायत. खाऊ दे की, मनात म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय.

तर त्या वर्षी कॉलेज सुरू होऊन महिना झाला असेल. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये कपाटाची काच पुसत होते. शिपाई खोलीत असली तरी मोठी माणसं आवाज खाली करत नाहीत, कपाट आणि आपण सारखेच. समोर खेळाचे सर उभे होते. बिचारे तासिकेवर, तीन कॉलेजांत फिरायचे, बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत.

प्राचार्य म्हणाले, "गेल्या वर्षी आपल्या मुलींनी दोनदा वॉकओव्हर दिला. समोरचा संघ येऊन बसलाय, पंच आलेत, आणि आपल्याकडून कुणीच नाही. न खेळता ते विजयी. मला फोन येतात, सर. मुली येणारच नसतील तर नाव द्यायचं कशाला? या वर्षी एक जरी वॉकओव्हर गेला तर मुलींचा संघ बंद. मैदान मुलांना क्रिकेटला द्या."

सर "हो सर" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी हातातलं फडकं घेऊनच बाहेर आले आणि थेट मैदानावर गेले. कॅप्टन तिथे मातीवर पाणी मारत होती. शेवटच्या वर्षाला होती ती. घर सिद्धगडाच्या पायथ्याला, वाडीवर. मुरबाडला वसतिगृहात राहायची आणि शनिवारी घरी जायची. अंगाने काडी, पण चढाईला गेली की कबड्डी कबड्डीचा दम असा लांबवायची की समोरच्या पोरी आधी दमायच्या.

मी ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. ती पाणी मारायची थांबली नाही.

"मी पुढच्या वर्षी नसनच, मावशे," ती म्हणाली. "पण माझी धाकटी बहीण नि तिची मैत्रीण, दोघी पुढच्या वर्षी येणार हायेत. वाडीवरनं मुरबाडला कॉलेजात धाडायला कोण तयार व्हतं? कबड्डी खेळंल, भरतीला उपयोग व्हईल, असं सांगून मी आबाला तयार केलाय. संघ बंद झाला तर दोघी बारावीवरच बसतील घरी."

"मग काय करायचं?"

"एक बी वॉकओव्हर द्यायचा नाय," ती म्हणाली. "हरू. पण जाऊ."

मला माझं लहानपण आठवलं. आमच्या वेळी त्याला हुतुतू म्हणायचे. मी चौथीत होते तेव्हा पोरांनाही धरून पाडायचे. मग एके दिवशी आईने अंगणातून हाक मारली, म्हणाली, आता बास, परकर वर जातो. तेवढंच. त्या दिवसानंतर मी कुणाला धरलं नाही. त्याबद्दल मी कधी रडले नाही, पण विसरलेही नाही.

पहिली अडचण सामन्याच्या आधीच आली. मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर बरोबर बाईमाणूस लागतं, असा नियम. आमच्या मॅडम लोक कल्याण-ठाण्याच्या, चारची गाडी चुकली तर त्यांच्या घरी चूल पेटत नाही. कुणी तयार होईना. गेल्या वर्षीचा एक वॉकओव्हर तर याच पायी गेलेला. सरांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. प्राचार्यांनी फॉर्म बघून चष्मा काढला.

"शिपाई मॅनेजर?"

"सर, नियमात बाई पायजे असं लिवलंय," मी म्हणाले. "शिकलेली पायजे असं कुठं लिवलंय ते दाखवा."

त्यांनी नियमाचा कागद उलटून-पालटून बघितला. मी आधीच वाचलेला होता, तसं काही नव्हतं त्यात.

पहिला सामना शहापूरला, मॅटवर. आमच्या पोरींनी मॅट जवळून कधी पाहिलेली नव्हती. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या, भाताच्या चिखलात वाढलेल्या पोरी. मॅटवर बूट लागतात म्हणून मुलांच्या संघाचे बूट आणले होते. ते इतके मोठे की पुढे चिंध्या कोंबल्या. कॅप्टन चढाईला गेली, वळली आणि बूट तिथेच राहिला, ती इकडे आली. प्रेक्षक हसले. समोरच्या पोरींमधली एक म्हणाली, "बूट आउट झाला गो तुझा." तो सामना हरलो. दुसऱ्या सामन्याला बूट सुतळीने पायाला बांधले आणि दोन गुणांनी हरलो. आता दोन गुणांनी हरलेल्याला हरणं म्हणतात, पण मी परतताना जीपमध्ये पोरींना म्हटलं, सुतळीचे दोन गुण धरले तर बरोबरी.

तिसऱ्या सामन्याला ज्यांच्याकडे खेळायचं होतं त्यांची मॅट दुसरीकडे गेलेली होती, म्हणून सामना मातीवर लावला. आमच्या पोरींनी बूट काढून ओळीने माझ्यासमोर ठेवले. मग काय सांगू. पायाच्या बोटांनी माती धरून उभ्या राहिल्या आणि समोरचीला एकदा धरली की ती बाद होऊनच उठायची. तो जिंकलो. तो एकच जिंकलो. पण कसा, ते त्या कॉलेजला विचारा.

आणि मग भात पिकलं.

आमच्याकडे कापणीच्या दिवसांत लग्नाचं आमंत्रणसुद्धा कुणी देत नाही. बारा जणींचा संघ, त्यात एकीचा साखरपुडा ठरला आणि दोघी आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेल्या. उरल्या नऊ. त्या नऊंचे बापही एकेक करून कॉलेजात येऊ लागले. तानसाकडचा एक जण तर मैदानावरच आला, पोरीचा हात धरला आणि म्हणाला, "शेत उभं हाय, नि ही हितं पळापळी खेळतेय. आता दिवाळी हुईपत्तूर नाय येणार."

सराव बंद पडला. चौथा सामना बारा दिवसांवर. मी रोज मैदानावर जाऊन बघायचे, तर तिथे कॅप्टन आणि खर्डीची एक पोर, दोघीच. ही खर्डीची लोकलने आसनगावला यायची, तिथून पुढे रिक्षा नि एसटी, आणि तोंडाने फटाकडी.

"मावशी, दोघींचा कबड्डी संघ चालतो का?" ती म्हणाली. "मी धरते, ही सुटते. टाइम पण वाचेल."

कॅप्टन हसली नाही. ती खाली बसून काडीने मातीवर खुणा करत होती. शेवटी म्हणाली, "मावशे, आपण सावड करू."

सावड म्हणजे काय ते ज्यांच्या घरी शेत नाही त्यांच्यासाठी सांगते. आज तुमच्या घरची माणसं आमच्या शेतात, उद्या आमच्या घरची तुमच्या शेतात. मजुरी नाही, काही नाही. पण ज्याने सावड घेतली त्याने ती परत करायलाच हवी. नाही केली तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कुणी पाय ठेवत नाही. आजवर कुणी सावड बुडवल्याचं मी ऐकलेलं नाही. भावाभावांनी बोलणं बंद केलेलं पाहिलंय, पण सावड चालूच.

कॅप्टनचा विचार असा, की अख्खा संघ एकेकीच्या शेतात जाईल आणि भात कापेल. चार माणसांना तीन दिवस लागतात ते काम नऊ पोरी दिवसात उरकतील. त्या बदल्यात त्या घराने आपली पोर संघाला द्यायची. आणि सामन्याचा दिवस हा सावडीचा दिवस धरायचा.

तानसाकडच्या त्या बापाकडे आम्ही पहिल्यांदा गेलो. तो बांधावर उभा राहून म्हणाला, "खेळ म्हंजे काय काम हाय? सावड कामाची आसते."

कॅप्टन विळा घेऊन शेतात उतरलीच होती. मान वर न करता म्हणाली, "काका, आज आमी तुमच्या शेतात कबड्डी खेळायला नाय आलो. दिवस बुडेपर्यंत बघा, नि मग सांगा कामाचं हाय का खेळाचं."

दिवस मावळायच्या आत ते शेत रिकामं झालं. म्हातारी आजी ओटीवरून बघत होती, ती लेकाला म्हणाली, "आता पोर धाड गप. आपल्या घरानं सावड बुडवली असं नको व्हायला." दुसऱ्या दिवशी त्याची पोर सरावाला आली.

असे आम्ही शेतांमागून शेतं घेतली. रविवार, सुट्ट्या, दिवाळीचे दिवस, सगळे त्यातच गेले. मीही विळा धरला. ज्यांचं भात आधी पिकतं, हळवं, ती शेतं आधी. ज्यांचं उशिरा, गरवं, ती मागून. ते सगळ्यांना बरोबर वाटलं. पण त्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, माझ्यासुद्धा नाही. कॅप्टनचं शेत ओढ्याकाठी, सगळं गरवं. म्हणजे जिने सगळ्यांची शेतं कापली तिचं शेत राहिलं अगदी शेवटी.

चौथा सामना हरलो. पोरींच्या बोटांना विळ्याचे घाव, पकड धरायला गेल्या की जखम उघडायची. समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आल्या बघ भातवाल्या."

कॅप्टन चढाईला निघालेली, ती थांबली. "भात खातेस ना गो?" तिने विचारलं. "मग खाल्लेल्या भाताला नाव ठेवू नको." आणि गेली चढाईला. त्या चढाईत ती बाद झाली, ते सोडा.

शेवटचा सामना रविवारी, शहापूरला, सकाळी अकराला. त्याच्या दोन दिवस आधी कॅप्टनचं भात घरच्यांनीच कापून शेतात पसरून ठेवलेलं होतं, वाळायला. आणि शनिवारी दुपारी ढग आले.

आम्ही सगळ्या शनिवारीच तिच्या वाडीवर पोचलो होतो, रविवारी सकाळी तिथूनच निघायचं म्हणून. सिद्धगडाचा माथा ढगात गेलेला. कापलेलं भात शेतात, त्यावर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो, मोड येतात, वर्षभराचं खाणं गेलं. रविवारी दुपारच्या आत सगळं बांधून, भारे डोक्यावरून चढावर खळ्यात नेऊन रचायला हवं होतं. घरात माणसं किती? आई. बापाचा हात प्लास्टरमध्ये. धाकटी बहीण तापाने फणफणलेली. वाडीतली बाकीची माणसं आपापल्या शेतात धावलेली, त्यांच्यावरही तेच ढग.

पोरी ओटीवर बसल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. या घराची सावड आठही जणींवर होती, आणि सामनाही आठही जणींवर होता.

कॅप्टन म्हणाली, "तुमी जा गो खेळायला. मी थांबते."

"नि तुझ्याशिवाय काय आमी ध्यान लावायला जायचं तिथं?" खर्डीची म्हणाली. "आमी पण थांबतो."

"मग वॉकओव्हर."

मी काय सांगणार होते? माझं शेत नाही, माझा सामना नाही. मी फक्त फॉर्मवरची बाई.

तिची आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच बोलली. फार बोलणारी बाई नव्हती ती. म्हणाली, "सावड ह्या आठ पोरींची हाय. तुझी कसली सावड? आपल्याच शेतात कुनी सावड करतं व्हय? तू माझी पोर, तुला मी कवाबी राबवीन. उद्या तू जा."

कॅप्टन म्हणाली, "आये, भात..."

"भातासाठी ह्यातल्या थांबतील ना. खेळायला कमीत कमी किती लागतात?"

"पाच. पाचाच्या खाली सामना लावीत नायत."

"मग पाच जा. चार हितं राहा. नि ज्या चार जोरकस हायेत त्या मला पायजेत. भारा उचलायचाय, पळायचं नाय."

आता कुठल्याही खेळाच्या सरांना विचारा, संघ असा कुणी निवडतं का. आमच्या तगड्या चार जणी, पकडीतल्या भिंती, त्या शेतावर राहिल्या. शहापूरला निघाल्या कॅप्टन, खर्डीची, तानसाची आणि पहिल्या वर्षाच्या दोन हडकुळ्या. निघताना मागे राहिलेल्यांपैकी एक म्हणाली, "मार खायचा तर खा, पण तिथं जाऊन खा."

एसटी उशिरा आली. मुरबाडला उतरून जीप धरली. मी ड्रायव्हरला म्हणाले, बाबा, आमच्या कॉलेजची अब्रू हाय, दाब. तो म्हणाला, आजी, गाडी दाबायला रस्ता तर पायजे. खड्ड्यांनी आमची हाडं खिळखिळी केली. मैदानात शिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. खेळाचे सर टेबलापाशी हात जोडून उभे, आणि गुण लिहिणारे गृहस्थ पेन उघडून कागदावर वाकलेले. समोरच्या संघाच्या बारा पोरी मॅटवर रांगेत.

मी धावले नाही, माझे गुडघे धावत नाहीत. पण हात लांब आहे माझा. तो मी त्यांच्या कागदावर ठेवला.

"साहेब, काय लिवताय?"

"वॉकओव्हर, मावशी. वेळ संपली."

"पंचांना विचारा किती संपली."

पंच बाई होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, "पंधरा मिनिटं थांबायचा नियम आहे. तीन मिनिटं आहेत अजून. पण तुमचा संघ कुठे आहे?"

मी मागे बोट दाखवलं. पाच जणी उभ्या, पायाला सुतळी बांधत.

समोरच्या मॅनेजर मॅडम आल्या, चांगल्या होत्या, मनापासून म्हणाल्या, "अहो, पाचच आहेत. देऊन टाका ना वॉकओव्हर. कशाला पोरींचे हाल?"

"मॅडम," मी म्हणाले, "ह्यांच्या चार जणी आत्ता डोक्यावर भारे घेऊन चढ चढतायत. हाल तिकडं चाललेत. ह्या हितं खेळायला आल्यात."

सामना झाला. खोटं कशाला सांगू, धुलाई झाली. सातांच्या जागी पाच जणी, दोन जागा सुरुवातीपासून रिकाम्या. सगळी बाजू बाद झाली की समोरच्यांना लोणाचे जास्तीचे गुण मिळतात, तो लोण आमच्यावर इतक्यांदा चढला की मी मोजणं सोडलं. पहिल्या वर्षाच्या एकीचं नाक फुटलं. तिला बाहेर बसवलं तर चारच उरतील, म्हणून तिने ओढणीच्या टोकाने पुसलं आणि आत गेली. पंचांनी थांबवून विचारलं, "खेळणार?" ती म्हणाली, "रक्त थांबलंय बाई. तुमी शिट्टी मारा." प्रेक्षक सुरुवातीला हसत होते. मग हसायचे थांबले. मग कुणीतरी आमच्या बाजूने ओरडायला लागलं. मला ते ओरडणं नको होतं, दयेचं वाटत होतं. पण शेवटच्या मिनिटाला कॅप्टनने दम लांबवत लांबवत दोघींना शिवलं आणि अंगावर तिघी घेऊन मध्यरेषेला हात टेकवला, तेव्हा ओरडणारे दयेने ओरडत नव्हते. ते मी ओळखते.

त्यांचे बावन्न, आमचे चौदा. कागदावर लिहिलं, आणि खाली मॅनेजर म्हणून मी सही केली. माझी पूर्ण सही, आडनावासकट.

संध्याकाळी मुरबाडला परतलो, तेव्हा तिथल्या ओळखीच्या दुकानात वाडीवरून फोन आला. भात खळ्यात गेलं होतं. पाऊस पडलाच नाही, ढग उगाच आले नि उगाच गेले. खर्डीची म्हणाली, "बघा, शेवटी त्या ढगानंच दिला वॉकओव्हर." तेव्हा कॅप्टन पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या वर्षाच्या मुलींच्या संघाचा अर्ज घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. सर दाराबाहेरच थांबले, म्हणाले, मावशी, तुम्हीच न्या.

प्राचार्यांनी निकाल पाहिला. "पाचपैकी चार हरलात," ते म्हणाले. "शेवटचा तर बावन्न-चौदा. पाच मुली घेऊन गेलात? कॉलेजची शोभा झाली म्हणायची."

"झाली असंल," मी म्हणाले. "पण तुमचं बोलणं शोभेबद्दल नव्हतं सर. वॉकओव्हर गेला तर संघ बंद, असं होतं. मी तिथं कपाट पुसत होते. गेला का वॉकओव्हर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी या खोलीत कधीपासून उभी आहे, याचा हिशेब ते मनात लावत होते बहुतेक.

"नाही," ते म्हणाले. "ठीक आहे. ठेवा अर्ज तिथे, बघतो मी."

टेबलावर तसे पुष्कळ कागद ठेवलेले होते, बघायचे म्हणून. ते कागद मीच दर शनिवारी उचलून फायलीत लावायचे, न बघितलेले.

"नाय सर," मी म्हणाले. "मी थांबते."

आणि थांबले. त्यांनी एक फोन केला, दोन फायली चाळल्या, पंखा बारीक करायला सांगितला. मी पंखा बारीक केला आणि परत येऊन तिथेच उभी राहिले. शेवटी त्यांनी पेन काढलं.